मेलेल्या दगडांची सुनावणी

मेलेल्या दगडांना वास येतो म्हणून नोटीस काढलीत ती तुम्ही, आणि तेच दगड पुढे जिवंत झाले म्हणून पुन्हा नोटीस काढलीत तीही तुम्हीच. या नोटिशींच्या भानगडीत एवेलिओ बारेतोची कंबर गेली, घरापुढच्या फरशीचा रंग गेला, आणि ज्या माणसाला मायामीच्या या वसाहतीत कोणीही विश्वासाने शिडी उसनी देत असे, तो दिसला की लोक नाकाला रुमाल लावू लागले. त्याचा जाब वसाहतीच्या कमिटीला, म्हणजे तुम्हाला, कोणी विचारलेला नाही. विचारणार कसा? जाब विचारायचा अर्जही कमिटीकडेच करावा लागतो. दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साचलं, त्या डबक्याला तुम्ही सरोवर म्हणालात, काठावरच्या घरांना एकच रंग लावायला लावलात, आणि मग दगड म्हटला की तुम्हाला शिसारी येऊ लागली. असो. आता जे झालं ते ऐका, कारण सुनावणीत तुम्ही ते ऐकून घेतलं नव्हतंत.

एवेलिओ विमा कंपनीत आहे. वादळ होऊन गेलं की लोकांच्या छपरांवर चढायचं आणि हे नुकसान वाऱ्याचं नसून वयाचं आहे, असं सौम्य शब्दांत सांगायचं, हे त्याचं काम. असा माणूस नेमाने दाढी करतो, गाडीत रुमाल ठेवतो आणि भानगडीत पडत नाही. बायको त्याला कंटाळून केव्हाच ऑर्लँडोला गेली. घरात तो आणि त्याची आई, दोन्या सोराइदा. थोरला भाऊ रेमिहिओ वसंतात गेला. त्याच्या मागे राहिली बायको ओदालिस, कर्ज फिटलेलं घर, आणि दिवाणखान्याच्या भिंतीत बसवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन मासे. अंग नारिंगी, वर पांढरे पट्टे. मादी मोठी आणि खाष्ट, नर लहान आणि मुकाट. रेमिहिओच्या नातवापेक्षा ते वयाने मोठे होते.

ओदालिसने घर विकलं. तिला टाम्पाला मुलाकडे जायचं होतं, आणि नव्या मालकाला त्या भिंतीत दारूचं कपाट करायचं होतं.

"ऑक्टोबर संपायच्या आत ने," ती एवेलिओला म्हणाली. "नाहीतर ओस्मानी नेणार. त्याच्याकडे गिऱ्हाईक आहे, एक दंतवैद्य. पण त्याला एकच मासा पाहिजे म्हणे, खुर्चीसमोर टांगायला."

"मी नेतो," एवेलिओ म्हणाला.

दोन्या सोराइदा बरोबर होती. तिने वसंतापासून थोरल्या मुलाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशीही काढलं नाही. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाली, "त्या दोघांना आणतो म्हणालास. आण म्हणजे झालं."

खरं तर गोष्ट इथेच सोपी होती. ओदालिस म्हणाली होती, टाकी भिंतीतून निघायची नाही, पण आतले दगड ने, त्याचेच आहेत. एवेलिओने काचेला नाक लावून पाहिलं. दगडांवर हिरवे केस. भोकांतून काहीतरी तोंडं काढून बघत होतं. एक बऱ्याच पायांचं जनावर एका फटीतून निघून दुसऱ्या फटीत गेलं, तेही घाई न करता, स्वतःच्या घरात फिरावं तसं. एवेलिओच्या घरात चपलासुद्धा रांगेत असतात. तो म्हणाला, "नको. मी सगळं नवं आणि स्वच्छ घेतो."

म्हणून तो ओस्मानीच्या दुकानात गेला. हा ओस्मानी माशांचा दुकानदार, आणि बोलायला बसला की मासेसुद्धा कंटाळून तळाशी जातात. त्याने कोपऱ्यातला खोका दाखवला. "तळाला घालायचा कोरडा दगड. लाखो वर्षांपूर्वी हे प्रवाळ होतं, समुद्रात होतं. आता जमिनीतून खणून काढतात. यात किडा नाही, शेवाळ नाही, काही नाही. ठार मेलेला माल."

एवेलिओला हे फार आवडलं. त्याने खोकाभर घेतला. निघताना ओस्मानी म्हणाला, "थोडा मुरू द्यावा लागतो हं."

आता क्यूबन माणसाला मुरवणं काय ते शिकवावं लागत नाही. आंबट संत्र्याचा रस, लसूण, डुकराचं मांस, एक रात्र. एवेलिओने मनात धरलं: दगडच तो, मांसापेक्षा कठीण, तर दोन रात्री. इथे त्याने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, आणि धोंडाही विकत आणलेला.

आईने खोका उघडून पाहिला आणि खुर्चीवर बसली.

"दगड विकत आणलेस?"

"हे वेगळे आहेत, आई."

"अंगणात आंब्याचं रोप लावायला तुझ्या बापाने दोन कुदळी मोडल्या. का? खाली दगड. शेजाऱ्याने पोहायचा तलाव खणला तर मशीन तुटलं. का? दगड. सबंध मायामी दगडावर बसली आहे आणि माझा मुलगा पैसे देऊन दगड आणतो. कोणाला सांगू नकोस."

सांगायची गरज पडली नाही. शेजारचा इब्राईन कुंपणावरून बघतच होता. इब्राईन निवृत्त बस ड्रायव्हर. त्याच्या घरामागे पोहायचा तलाव आहे, आणि तलाव धुवायचं ॲसिड हा त्याच्या मते जगातल्या सर्व दुःखांवर उतारा आहे.

"असे कोरडे टाकशील तर मासे मरतील," तो म्हणाला. "दगडाच्या पोटात जुनी घाण असते. मेलेली. ती आधी ॲसिडने जाळायला हवी. माझ्या मेहुण्याने केलं होतं."

"त्याचे मासे जगले?"

"मेहुणा मासे पाळत नाही. त्याने अंगणातल्या पुतळ्याला केलं होतं."

एवेलिओने चौकशी केली. ॲसिडचं खरं निघालं, तसं करतात. फक्त कुठे करतात हे कोणी सांगितलं नाही. दोघांनी कचऱ्याचा मोठा प्लास्टिकचा डबा गॅरेजसमोरच्या फरशीवर आणला, त्यात पाणी, दगड आणि इब्राईनच्या हाताने अंदाजपंचे ॲसिड. दगड चुन्याचाच. तो असा फसफसला की डब्यातून फेस वर आला, काठावरून उतरला आणि फरशीवर गोल पसरला. इब्राईन म्हणाला, "बघ, घाण निघते आहे." फेस ओसरल्यावर कळलं की दगडाबरोबर फरशीचीही घाण निघाली होती, आणि फरशीची घाण म्हणजे कमिटीने मंजूर केलेला रंग. गॅरेजसमोर एक पांढरं शुभ्र वर्तुळ उमटलं, चंद्र पडल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सेन्योर फुंदोरा आले. हे कमिटीचे पाहणी अधिकारी, विजेच्या छोट्या गाडीतून फिरतात. माणूस वाईट नाही. चेहरा कायम असा, की जोडा चावतो आहे पण सांगणार कोणाला.

"सेन्योर बारेतो, फरशीला रंग एकच मंजूर आहे. ओल्या वाळूचा."

"मी आजच लावतो."

"तो रंग आता कंपनी बनवत नाही."

"मग त्याच्या जवळचा?"

"जवळच्याला रंगसमितीची मंजुरी लागते. रंगसमितीत दोघी आहेत. एक प्वेर्तो रिकोला गेली आहे आणि दुसरी तिच्याशी बोलत नाही." फुंदोरांनी नोटीस दाराला चिकटवली. चिकटवताना सुरकुती पडली तर सॉरी म्हणाले.

इकडे दगड दोन रात्री पाण्यात मुरवून एवेलिओ ओस्मानीकडे विचारायला गेला, की आता मासे सोडू? ओस्मानीने चष्मा काढला. "दोन रात्री? अहो बारेतो, दगड मेलेला आहे. त्याच्या भोकाभोकांत जिवाणू वसायला हवेत. माशांची घाण ते खातात. ते नसले तर मासा स्वतःच्याच लघवीत मरतो. आठवडे लागतात."

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. मुरू द्या म्हणालो."

आणि ते जिवाणू वसवायचे कसे, तर खाऱ्या पाण्यात दगड बुडवायचे, पाणी फिरवायला पंप लावायचा आणि एक कच्ची कोळंबी टाकून ती सडू द्यायची. सडली की विष सुटतं, ते विष खायला जिवाणू येतात. एवेलिओने आयुष्यभर फ्रीजमध्ये अन्नावर तारखेच्या चिठ्ठ्या लावल्या, आणि आता तो मुद्दाम कोळंबी सडवणार होता.

दगड बुडवायचे टब ठेवायचे कुठे, हा प्रश्न आला. घरामागे सरोवर, तिथून दिसेल असं काही ठेवायचं नाही, हा नियम. गॅरेजमध्ये गाडी, आणि गाडी बाहेर ठेवायची नाही, हाही नियम. घरातली नवी टाकी अजून पाणी सोसते की नाही याची परीक्षा चालू होती. राहिली गॅरेजसमोरची जागा. पांढऱ्या वर्तुळाच्या बरोब्बर मधे टब ठेवले आणि पुढे जास्वंदीच्या कुंड्या लावल्या. कोळंबी टाकली. ओस्मानीने पाणी तपासायची काचेची नळी आणि औषध दिलं होतं: नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे, हिरवं झालं म्हणजे सडणं सुरू, पिवळं राहिलं म्हणजे काही नाही.

पिवळं राहिलं. एवेलिओने आणखी एक कोळंबी टाकली. पिवळं. ओस्मानी म्हणाला, आणखी टाका. पिवळं. इब्राईन म्हणाला, तुझी कोळंबीच चांगल्या घरातली दिसते, सडायला लाजते. एवेलिओने वाटीभर टाकली. तरी पिवळं. ऑक्टोबर अर्धा झाला, ओदालिसने भांडी खोक्यांत भरायला घेतली, आणि एवेलिओ ऑफिसात दुसऱ्यांच्या छपरांचे फोटो बघता बघता कोळंबीचा विचार करू लागला.

मात्र वास सुटला. टबाला नाही, कुंपणाला. आणि वासापाठोपाठ गिधाडं आली. ती दर साली याच दिवसांत उत्तरेतून येतात, गावभर उंच घिरट्या घालतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. या साली ती एवेलिओच्या छपरावर ओळीने बसली. जागा पुरेना तेव्हा इब्राईनच्या तलावावरच्या जाळीवर बसली. जाळी फाटली. इब्राईन तीन दिवस बोलला नाही, आणि इब्राईन बोलत नाही म्हणजे शेजार किती शांत होतो हे वसाहतीला पहिल्यांदाच कळलं.

फुंदोरा आले. वर बघितलं. "हे पक्षी तुमचे?"

"गिधाडं कोणाची असतात, सेन्योर फुंदोरा?"

"ती तुमच्या छपरावर आहेत."

"छप्पर माझं आहे."

"तेच लिहितो," फुंदोरा म्हणाले, आणि तसंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे एवेलिओ कुंपणापाशी वासाचा माग काढत गेला. कुंपणाच्या कडेची माती उकरलेली. आत कोळंब्या. सगळ्या. तो वळला तर आई हातात जुना चमचा घेऊन उभी.

"आई, हे तू करते आहेस?"

दोन्या सोराइदाने आधी इब्राईनच्या घराकडे बघून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तुझ्या बापाचंही असंच सुरू झालं होतं. चावी फ्रीजमध्ये ठेवायचा, ब्रेड कपाटात. तू कोळंबी दगडात विसरतोस. रोज. मी सकाळी काढून टाकते. म्हटलं, बोलायचं कशाला. एक गेला, दुसऱ्याचं डोकं जातंय, लोकांना कळायला नको."

एवेलिओ तिथेच कुंपणाला टेकला. राग आला होता, पण रागवायचं कोणावर? म्हातारी पहाटे उठून, वाकून, त्याची लाज पुरत होती. त्याने तिला जिवाणूंचं सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे डोकं ठीक आहे आणि तरी तू मुद्दाम सडवतोस. हे जास्त वाईट."

मग वासाबद्दल तुमची नोटीस, आणि तुमची सुनावणी. क्लबघरात एवढा थंडावा, की आरोपीला थरथर सुटली तर ती अपराधाची समजायला सोपी. एवेलिओ टाय लावून गेला होता. त्याला वाटलं, नियम आपल्याला कळतात, आयुष्य त्यातच गेलं. तुमच्यापैकी मधल्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं, "टबातली वस्तू जिवंत आहे की मेलेली?"

"दगड आहेत, मॅडम."

"जिवंत असेल तर पाळीव प्राणी, त्याची नोंद लागते. मेलेली असेल तर कचरा, तो गाडी येते त्या दिवशीच बाहेर ठेवायचा. यातलं एक सांगा."

"आज मेलेले आहेत, पण आता त्यांत—"

"मेलेले आहेत," बाईंनी लिहून घेतलं. पुढचं वाक्य लिहायला जागा नव्हती, की हौस नव्हती, ते तुम्हालाच माहीत. ठराव झाला: कचरा, पुढच्या गाडीच्या आत हलवा. ज्या माणसाने लोकांच्या अर्ध्या वाक्यांवर बोट ठेवून उभी हयात दावे नाकारले, त्याचं अर्धं वाक्य तुम्ही नाकारलंत. घरी आल्याबरोबर त्याने टाय सोडला. दारात आईला म्हणाला, "ते ऐकूनच घेत नाहीत." आई म्हणाली, "तुम्ही विम्याचे लोक कधी घेता?"

टाकी पाणी सोसायला लागली होती. एवेलिओ आणि इब्राईन, जाळीचं भांडण बाजूला ठेवून, ओले दगड एकेक करून आत नेऊ लागले. शेवटचा मोठा दगड उचलताना एवेलिओच्या कमरेने आवाज केला आणि तो दिवाणखान्यात आडवा झाला. इब्राईन म्हणाला, "पाठीला ॲसिड नको, पण गरम पिशवी आणतो." आडव्यानेच एवेलिओने नळी मागितली. थेंब टाकले. हिरवं. गडद, देखणं, विषारी हिरवं. आईने कोळंबीला हात लावायचं सोडलं होतं, आणि नको तेव्हा सडणं सुरू झालं होतं. या पाण्यात मासे सोडले असते तर तासाभरात गेले असते.

त्याच आठवड्यात ओदालिसचा फोन. "उद्या सामानाची गाडी येते. ओस्मानी दुपारी येईल म्हणतो. तू येतोस का तो?"

"मी येतो."

कमरेला पट्टा बांधून तो इब्राईनच्या गाडीत मागच्या सीटवर आडवा होऊन गेला. ओदालिसचं घर रिकामं झालेलं, भिंतीत फक्त ती टाकी उजळलेली. तिने त्याच्याकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "तुझी टाकी तयार आहे?"

"नाही."

"का?"

"दगड मेलेले आहेत."

ओदालिस हसली नाही. थकली होती. "मी त्या दिवशीच म्हटलं होतं, हे ने म्हणून. त्याने वीस वर्षं हे दगड धुतले नाहीत, मी त्याच्याशी वीस वर्षं भांडले. धुतले असते तर मासे जगले नसते, असं तो म्हणायचा. मला वाटायचं आळस आहे." ती बाह्या सरसावून टाकीत कोपरापर्यंत शिरली आणि तो केसाळ, किडे भरलेला, हिरवा दगड बाहेर काढून तिच्या सूपच्या मोठ्या पातेल्यात ठेवला. मग दुसरा. एवेलिओ पाण्याने भिजवलेलं वर्तमानपत्र वर घालत राहिला. त्याच्या हाताला काहीतरी चावलं. त्याने पुढचं पान घातलं.

ओस्मानी आला तेव्हा बादलीत दोन्ही मासे होते. त्याने पातेल्यात डोकावून पाहिलं. "हे होतं तर माझ्याकडून कोरडा कशाला घेतलात? कोरडा खाली, जुना वर. जुना नव्याला वळण लावतो. मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आहे."

"हे त्या दिवशी—"

"तुम्ही स्वच्छ मागितलंत, बारेतो."

घरी दारातच दोन्या सोराइदा उभी होती. एवेलिओने पातेलं खाली ठेवलं तशी तिने वर्तमानपत्र बाजूला केलं. भोकातून एका किड्याने डोकं काढलं. तिने तो दगड दोन्ही हातांनी उचलला, अंगावर पाणी ओघळलं तरी.

"रेमिहिओचा?"

वसंतानंतर पहिल्यांदा.

"हो, आई."

"मग वर ठेव. दिसेल असा."

पाणी पिवळं होईपर्यंत मासे आईच्या न्हाणीघरातल्या टबात राहिले, रेमिहिओचा एक दगड सोबतीला. आई रोज बादल्या मोजून पाणी बदलायला लावायची, वाकायला एवेलिओ, हुकूम द्यायला ती. अंघोळीला ती इब्राईनकडे जाई, खांद्यावर टॉवेल टाकून, भर रस्त्याने. तिच्याविरुद्ध नोटीस निघाली नाही, याचंच नवल.

मासे टाकीत गेले तेव्हा मादी पहिले काही दिवस एका कोपऱ्यात रुसून राहिली. मग एका सकाळी आईने हाक मारली. खाली तळाचा एक कोरडा दगड होता, ॲसिडने सर्वांत जास्त खाल्लेला, पांढरा फटक. नराने तो तोंडाने घासून घासून आरशासारखा केला होता, आणि त्यावर नारिंगी अंड्यांची दाट गोधडी पसरली होती. नर पंखांनी वारा घालत होता. मादी काचेतून एवेलिओकडे बघत होती, फीत आणायला सांगितली आणि तू सुई आणलीस, असं म्हणत असल्यासारखी.

"ओदालिसला फोन कर," आई म्हणाली. "वसंतापासून त्यांनी घातली नव्हती, ती सांगत होती."

त्याच दिवशी फुंदोरा आले. तक्रार अशी होती, की ठरावाने कचरा ठरलेली वस्तू घरात साठवली आहे. त्यांनी टाकीत बघितलं. टोपी काढली. काचेजवळ वाकून म्हणाले, "ही अंडी?"

"हो."

"दगडावर."

"हो."

"मला हे लिहावं लागेल, सेन्योर बारेतो." त्यांनी लिहिलं, पण लिहिता लिहिता दोनदा मान वर करून बघितलं. निघताना आईने त्यांना कॉफी दिली आणि त्यांनी ती उभ्याने नाही, बसून प्यायली. हे तुमच्या कागदावर नसेल.

आणि आता तुमचं पत्र. पाळीव प्राणी दोनपर्यंत, जादा असतील ते काढावेत, संख्या कळवावी. ठीक आहे, या आणि मोजा. अंड्यांत आता डोळे दिसू लागले आहेत, चंदेरी, टाचणीच्या टोकाएवढे, आणि प्रत्येक डोळा तुमच्याकडे बघेल. किडे मोजायचे असतील तर तेही मोजा. ते भोकात जातात आणि दुसऱ्या भोकातून निघतात, तेव्हा एकच किडा दोनदा लिहू नका. अंडी काढायची तर दगड काढावा लागेल, आणि तो दगड तुमच्याच ठरावाने मेलेला आहे. दगड काढला तर नर वारा कोणाला घालणार? नर काढला तर अंडी सडतील, मादी काढली तर नर जेवणार नाही. आणि रेमिहिओचे दगड काढले तर कोणीच राहणार नाही.

टाकीसमोर सध्या एक स्टूल आहे आणि स्टुलावर सकाळपासून दोन्या सोराइदा बसते. तर यात जादा कोण, हे पत्राने कळवू नका. मधल्या खुर्चीवरच्या बाईंनी स्वतः यावं, त्या स्टुलाशेजारी उभं राहावं आणि बोट दाखवून तिला सांगावं. कधी येता?